पिसे नसती तर

उत्क्रांतीचा धडा शिकवताना आर्किऑप्टेरिक्सचे नाव घेतल्याशिवाय आपले भागत नाही. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांना जोडणारा दुवा, असे आपण फळ्यावर लिहितो. दात, पंखांना नख्या आणि हाडांची लांब शेपटी ही एका बाजूची लक्षणे. पिसे आणि पंख ही दुसऱ्या बाजूची. दोन रकाने होतात, मुले ते उतरवून घेतात, परीक्षेत दोन गुण मिळतात. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात मी हेच सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "सर, सरपटणारे प्राणी म्हणजे नेमके कोणते? पाल, कासव, मगर की साप? वर्गातला एक मुलगा सारखा विचारतो आणि मला सांगता येत नाही." मी 'डायनोसॉर' असे एका शब्दात उत्तर दिले आणि पुढे गेलो. वेळ कमी होता, हे खरे. पण घरी येताना वाटत राहिले, की हे एका शब्दाचे उत्तर पक्के व्हायला शास्त्रज्ञांना सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. त्यातली जवळजवळ पन्नास वर्षे तर बरोबर उत्तर हाताशी असूनही चूक म्हणून बाजूला ठेवलेले होते. बाईंना खरे तर ते सांगायला हवे होते.

गोष्ट सुरू होते ती दगडापासून. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात सोल्नहोफेन नावाचे गाव आहे. तिथला चुनखडक अतिशय बारीक कणांचा असतो आणि त्याच्या सपाट, गुळगुळीत फरश्या निघतात. अठराव्या शतकाच्या शेवटी आलॉइस झेनेफेल्डर याने शिळाछापाचे तंत्र शोधले ते याच दगडावर. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या-पंचांगे शिळाछापावर निघत, आणि रविवर्म्याच्या छापखान्यातून घरोघरी पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीही याच तंत्राने छापलेल्या. छपाईच्या दगडाला बारीकसा डागही चालत नाही, त्यामुळे खाणीतले कामगार प्रत्येक फरशी हाताने उलटून पाहत. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, खाऱ्या पाण्याची खाजणे होती. तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे तिथे बुडालेल्या प्राण्याला कुरतडायला कोणी येत नसे. चिखल इतका मऊ, की चतुरच्या पंखांवरच्या शिराही त्यात उमटून राहिल्या. अशा दगडाला मागणी आणि अशी बारकाईने होणारी पाहणी, हा योग जुळून आला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

१८६१ साली हेर्मान फॉन मायर या जर्मन जीवाश्मतज्ज्ञाने याच दगडात सापडलेल्या एका पिसाचे वर्णन प्रसिद्ध केले. एकच पीस, पण त्याचा मधला दांडा, दोन्ही बाजूंचे तंतू, सगळे स्पष्ट. लगोलग एक सांगाडाही सापडल्याची बातमी आली. मायरने नाव दिले आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. पहिल्या शब्दाचा अर्थ 'प्राचीन पंख', आणि दुसरा शब्द छपाईच्या दगडावरून. तो सांगाडा कार्ल हेबरलाइन नावाच्या डॉक्टरकडे होता. खाणीतले लोक औषधपाण्याच्या बदल्यात त्यांना जीवाश्म देत. डॉक्टरांनी तो इतर अनेक जीवाश्मांसह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला विकला, ७०० पौंडांना. त्या काळी ही रक्कम फारच मोठी होती.

वेळही कशी होती पाहा. डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९च्या नोव्हेंबरात निघाले होते, आणि 'मधले प्राणी कुठे आहेत?' हा आक्षेप त्यावर सर्व बाजूंनी घेतला जात होता. म्युनिकच्या आंद्रेयास वाग्नर यांनी सांगाडा न पाहताच, केवळ ऐकीव वर्णनावरून, हा पिसांसारखे काही अंगावर असलेला सरपटणारा प्राणीच आहे असे जाहीर केले आणि डार्विनवाद्यांनी याचा फायदा घेऊ नये असा इशाराही दिला. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी उलट सांगितले: हा पक्षीच, थोडा वेगळा इतकेच. गंमत अशी, की दोघांनाही डार्विनचा सिद्धांत मान्य नव्हता. मधला प्राणी नको म्हणून एकाने त्याला अलीकडे ढकलले, दुसऱ्याने पलीकडे.

आता थॉमस हेन्री हक्स्ली यांच्याकडे येऊ. डार्विनचा कैवारी म्हणून त्यांचे नाव आपल्याला माहीत असते. ते उत्तम शरीरशास्त्रज्ञ होते हे मात्र अनेकदा विसरले जाते. 'डायनोसॉर' हा शब्द ओवेन यांनी १८४२ मध्ये तयार केला होता, तोही मोजक्याच, तुटक सांगाड्यांवरून. हे प्राणी गेंड्यासारखे चार पायांवर चालणारे, अवजड असावेत अशी ओवेन यांची समजूत होती, आणि लंडनच्या एका बागेत १८५४ मध्ये त्यांचे तसे पुतळेही उभे राहिले. हक्स्लींनी हाडे पुन्हा पाहिली तेव्हा त्यांना कंबरेची आणि मागच्या पायांची ठेवण वेगळीच दिसली. ती गेंड्यासारखी नव्हती, पालीसारखीही नव्हती. ती पक्ष्यासारखी होती. मागच्या दोन पायांवर चालणारा, घोट्याशी बिजागरीसारखा सरळ पुढे-मागे वाकणारा पाय. अर्धवट वाढलेल्या कोंबडीच्या पिल्लाचे कंबरेखालचे भाग मोठे करून दगडात घातले, तर आपण त्यांना डायनोसॉरचे म्हणून बिनदिक्कत मान्य करू, अशा अर्थाचे विधान त्यांनी १८७० मध्ये केले. हे विधान लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

हक्स्लींच्या हाती दुसरा एक पुरावा होता. बव्हेरियाच्या त्याच चुनखडकात कोंबडीएवढ्या आकाराचा एक डायनोसॉर सापडला होता. त्याला कॉम्प्सोग्नॅथस हे नाव देणारे होते तेच वाग्नर, १८५९ साली. लांब मान, आखूड हात, लांब सडपातळ पाय. १८६८ मध्ये हक्स्लींनी कॉम्प्सोग्नॅथस आणि आर्किऑप्टेरिक्स शेजारी शेजारी ठेवून दाखवले, की दोघांतले अंतर किती कमी आहे. एकाला पिसे आहेत, दुसऱ्याला दिसत नाहीत. बाकी?

या 'बाकी?' वर पुढची कित्येक वर्षे वाद झाला. हॅरी सीली यांचा आक्षेप सर्वांत वजनदार होता. दोन पायांवर धावणारा कोणताही प्राणी घ्या, त्याचे पाय सारखेच घडणार. सारख्या कामामुळे आलेले साम्य म्हणजे नाते नव्हे. शार्क आणि डॉल्फिन यांचे आकार सारखे असतात, म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. आक्षेप योग्यच होता, आणि त्याला उत्तर द्यायला तेव्हा पुरेसे सांगाडे नव्हते. याच सीलींनी १८८७ मध्ये डायनोसॉरांचे कंबरेच्या हाडांवरून दोन गट पाडले, 'सरड्यासारखी कंबर' असलेले आणि 'पक्ष्यासारखी कंबर' असलेले. पक्षी या दुसऱ्या गटातून आले असतील असे कोणालाही वाटेल. मुलांनाही वाटते. पण ते आले पहिल्या गटातून! पक्ष्यांची कंबर पुढे स्वतंत्रपणे तशी बदलली. नावावरून नाते ठरवू नये याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

मधल्या काळात अमेरिकेत कॅन्सासच्या खडूच्या थरांतून ऑथनिएल मार्श यांनी दात असलेले पक्षी काढले, हेस्परॉर्निस आणि इक्थिऑर्निस. १८८० मध्ये त्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला आणि डार्विनने मार्श यांना पत्र लिहून आनंद कळवला. पक्षी कोणापासून तरी आले, याबद्दल आता शंका उरली नाही. कोणापासून, हे तसेच राहिले.

यानंतर येतो तो माणूस मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विचार करायला लावतो. गेरहार्ट हाइलमान हे डेन्मार्कचे चित्रकार. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून ते चित्रकलेकडे वळले होते. डेन्मार्कच्या नोटांची रेखाटनेही त्यांनी केली होती. विद्यापीठात त्यांना कोणतेही पद नव्हते. पण पक्ष्यांच्या उगमाचा प्रश्न त्यांना लागला तो लागलाच. हाडे, भ्रूण, पिसे, जिवंत प्राणी, मिळेल त्याचा त्यांनी अभ्यास केला. आधी डॅनिश भाषेत लेख आणि पुस्तक, मग १९२६ मध्ये इंग्रजीतून 'द ओरिजिन ऑफ बर्ड्स'. चित्रे अशी सुंदर आणि मांडणी अशी रेखीव, की पुढची चाळीस-पन्नास वर्षे या विषयावर हेच पुस्तक प्रमाण मानले गेले.

हाइलमान यांनी एकेक उमेदवार तपासला. थेरोपॉड, म्हणजे दोन पायांवर चालणारे मांसाहारी डायनोसॉर, यांच्याशी पक्ष्यांचे साम्य त्यांनी पानोपानी दाखवले. पोकळ हाडे, हात, पाय, कंबर. वाचणाऱ्याची खात्री होत जाते की आता निकाल लागणार. आणि मग ते थांबतात. पक्ष्यांच्या गळ्याखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे एक हाड असते. कोंबडी खाणाऱ्यांनी ते पाहिलेले असेल. ते दोन्ही बाजूंच्या जत्रुकांचे, म्हणजे आपल्या हासळीच्या हाडांचे, एकत्र जुळून झालेले असते. थेरोपॉड डायनोसॉरांमध्ये जत्रुके आढळलेली नाहीत, असे हाइलमान म्हणतात. उत्क्रांतीत एकदा नाहीसा झालेला अवयव पुन्हा जसाच्या तसा उत्पन्न होत नाही, हा बेल्जियमच्या लुई डोलो यांचा नियम त्या वेळी सर्वमान्य होता. तेव्हा जत्रुक गमावलेल्या प्राण्यापासून जत्रुक असलेला पक्षी येणार कसा? निष्कर्ष असा, की पक्षी आणि डायनोसॉर हे दोघेही आणखी जुन्या, साध्यासुध्या सरीसृपांपासून वेगवेगळे आले. साम्य सगळे योगायोगाचे, सारख्या राहणीतून आलेले.

तर्क पाहिला तर निर्दोष आहे. नियम मान्य केला, विधान मान्य केले, की निष्कर्ष टळत नाही. चूक आहे ती मधल्या विधानात. 'आढळलेली नाहीत' याचे 'नाहीत' कधी झाले, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. हजेरीपटावर मुलगा गैरहजर असला म्हणजे त्याचे नाव शाळेतून काढले असे आपण म्हणत नाही. जत्रुके बारीक आणि नाजूक. सांगाडा दबताना ती मोडतात, वाहून जातात, किंवा सापडली तरी बरगडीचा तुकडा म्हणून बाजूला पडतात.

आणि याहून वाईट म्हणजे पुरावा तेव्हाच सापडलेला होता. १९२३ मध्ये रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या अमेरिकन मोहिमेला मंगोलियाच्या गोबी वाळवंटात एक थेरोपॉड मिळाला. १९२४ मध्ये हेन्री ऑस्बर्न यांनी त्याचे वर्णन छापले, ओव्हिरॅप्टर या नावाने. त्याच्या चित्रात गळ्याखालचे ते व्ही आकाराचे हाड काढलेले आहे! पण ऑस्बर्न यांनी त्याला दुसऱ्याच हाडाचे नाव दिले. हाइलमान यांचे इंग्रजी पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी निघाले. १९३६ मध्ये सेजिसॉरस या आणखी एका थेरोपॉडमध्ये जत्रुक असल्याचे छापून आले, तेव्हाही कोणी मान वर करून पाहिले नाही. ओव्हिरॅप्टरचे ते हाड खरे काय आहे हे मंगोलियाच्या बार्सबोल्ड यांनी १९८३ मध्ये स्पष्ट सांगितले. म्हणजे छापील चित्र एकोणसाठ वर्षे ग्रंथालयांत होते. मी याला हाइलमान यांचा दोष मानत नाही. आपले पुस्तक कोणी पुन्हा तपासू नये असे त्यांनी कुठे म्हटले होते? न तपासणारे विद्यापीठांत बसलेले होते.

प्रश्न पुन्हा उघडला तो जॉन ऑस्ट्रम यांनी. १९६४च्या ऑगस्टअखेरीस, मोसमाचे काम संपत आले असताना, अमेरिकेच्या मोंटाना राज्यात एका उतारावर त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला एक नखी दिसली. मागच्या पायाच्या दुसऱ्या बोटाची, विळ्यासारखी वाकलेली. १९६९ मध्ये त्यांनी या प्राण्याला डायनॉनिकस हे नाव दिले. लांबी सुमारे सव्वातीन मीटर, शेपटी काठीसारखी ताठ, आणि शिकार करताना एका पायाने तोल सांभाळून दुसऱ्या पायाची नखी मारायची, अशी त्याची रचना. असा प्राणी थंड, सुस्त, मगरीसारखा पडून राहणारा असेल हे ऑस्ट्रमना पटेना. सुस्त डायनोसॉरांचे चित्र इथून बदलू लागले.

पुढे १९७० मध्ये ऑस्ट्रम युरोपात उडणाऱ्या सरीसृपांचे, म्हणजे टेरोसॉरांचे, जीवाश्म पाहत हिंडत होते. हॉलंडमधल्या हार्लेम शहरातील टायलर संग्रहालयात एक दगड टेरोसॉर अशी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. १८५५ साली बव्हेरियात सापडलेला, आणि १८५७ मध्ये टेरोसॉर म्हणून त्याचे वर्णन केले होते ते फॉन मायर यांनीच! ऑस्ट्रमनी तो खिडकीच्या तिरप्या उजेडात धरला, आणि त्यांना पिसांचे पुसट ठसे दिसले. हा आर्किऑप्टेरिक्स होता. म्हणजे १८६१च्या त्या प्रसिद्ध पिसाच्या चार वर्षे आधी मायर यांच्या टेबलावर हा प्राणी येऊन गेला होता आणि त्यांनी त्याला ओळखले नव्हते. ऑस्ट्रमपुढे पेच पडला. सांगावे तर संग्रहालय आता हा अमूल्य दगड हातातून सोडणार नाही. न सांगावे तर ते बरे नव्हे. त्यांनी खरे सांगितले. अधिकारी तो दगड घेऊन आत निघून गेला. ऑस्ट्रमना वाटले, झाले. थोड्या वेळाने तो परत आला, बुटांच्या खोक्यात दगड घालून, वर सुतळी बांधून, आणि खोके त्यांच्या हातात दिले. अभ्यासासाठी घेऊन जा म्हणाला.

असे ओळखू न आलेले आर्किऑप्टेरिक्स आणखी दोन निघाले. १९५१ मध्ये सापडलेला एक लहानसा सांगाडा कॉम्प्सोग्नॅथसचे पिल्लू म्हणून ठेवलेला होता. १९७० च्या सुमारास त्याची खरी ओळख पटली. दुसरा एका खासगी संग्रहात होता, तोही कॉम्प्सोग्नॅथस म्हणूनच, १९८० च्या दशकापर्यंत. माझ्या मते संपूर्ण वादातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. पिसांचे ठसे ठळक नसतील तर जगातला 'पहिला पक्षी' आणि एक छोटा डायनोसॉर यांत जाणकारांनाही फरक करता आला नाही. हक्स्लींनी १८६८ मध्ये वेगळे काय सांगितले होते? (हार्लेमच्या त्या दगडाची कथा अजून संपलेली नव्हती. २०१७ मध्ये दोन जर्मन संशोधकांनी तो आर्किऑप्टेरिक्सही नसून जवळच्या दुसऱ्या पिसेधारी डायनोसॉरचा आहे असे मांडले, आणि त्याला ऑस्ट्रमिया असे नाव दिले.)

डायनॉनिकसची हाडे नुकतीच हाताळलेल्या ऑस्ट्रमना आर्किऑप्टेरिक्सच्या हातात तेच दिसले. विशेषतः मनगटातले अर्धचंद्राकृती हाड. या हाडामुळे पंजा बाजूला, कोपराच्या दिशेने दुमडता येतो. चिमणी पंख मिटते ती याच हालचालीने, आणि पंख फडफडताना लागते तीही हीच. डायनॉनिकस उडत नव्हता. तो हात चटकन बाहेर फेकून भक्ष्य पकडत असावा. हालचाल आधी आली, उड्डाण नंतर. १९७३ पासून ऑस्ट्रमनी हे लेख छापायला सुरुवात केली, आणि १९८६ मध्ये जॅक गोथिए यांनी अनेक लक्षणांचा एकत्र हिशेब मांडून पक्ष्यांना थेट डायनोसॉरांच्या फांदीवर बसवले. सीलींच्या आक्षेपाला हे खरे उत्तर होते. एखाददुसरे साम्य कामामुळे येऊ शकते. शेकड्याने येणारी, आणि एकमेकांत व्यवस्थित बसणारी साम्ये येत नाहीत.

त्याच सुमारास एक चमत्कारिक वाद उठला. फ्रेड हॉइल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू, आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९८५ मध्ये लंडनचा आर्किऑप्टेरिक्स बनावट असल्याचा आरोप केला. डायनोसॉरच्या सांगाड्याभोवती सिमेंटसारखा लेप देऊन त्यात कोंबडीची पिसे दाबली, असे त्यांचे म्हणणे. हॉइल मोठे शास्त्रज्ञ होते यात शंका नाही, पण दगडाला ज्योतिर्विदाची भीड नसते. संग्रहालयाच्या लोकांनी चिडून न जाता दगड सूक्ष्मदर्शकाखाली घातला. फरशी दुभंगली तेव्हा तिचे दोन भाग झाले होते, एकावर हाडे आणि दुसऱ्यावर त्यांचा ठसा. पिसांच्या भागातून जाणाऱ्या केसासारख्या बारीक भेगा दोन्ही भागांवर तंतोतंत जुळत होत्या. त्या भेगा दगड दुभंगण्याच्या आधीच्या. वरून लेप दिला असता तर त्या झाकल्या गेल्या असत्या. १९८६ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि आरोप निकालात निघाला. वर्गात सांगण्यासारखी ही तपासणी आहे.

खरे आक्षेप मात्र शिल्लक होते. ॲलन फेडुचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मुद्दे लावून धरले. पहिला काळाचा. डायनॉनिकस सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा, आर्किऑप्टेरिक्स १५ कोटी वर्षांपूर्वीचा. वंशज आधी आणि पूर्वज नंतर? पण डायनॉनिकस हा पूर्वज आहे असे ऑस्ट्रम म्हणतच नव्हते. मोठ्या कुटुंबांत काका पुतण्यापेक्षा वयाने लहान असतो आणि त्यामुळे वंशावळ काही बिघडत नाही. पुढे २००९ मध्ये चीनमधून अँकिऑर्निसचा सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, चारही पायांवर पिसे असलेला सांगाडा आला आणि हा मुद्दा मागे पडला. दुसरा मुद्दा बोटांचा, आणि तो खरोखर अवघड. थेरोपॉडांच्या हाताची तीन बोटे पहिली, दुसरी, तिसरी आहेत असे जीवाश्म सांगतात. पक्ष्याच्या भ्रूणात मात्र ती दुसरी, तिसरी, चौथीच्या जागी उगवताना दिसतात. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी कोंबडीच्या भ्रूणावर प्रयोग करून दाखवले, की जागा पुढची असली तरी वाढताना ती बोटे पहिली, दुसरी, तिसरी म्हणूनच घडतात. सगळ्यांचे समाधान झाले आहे असे नाही. भारतीय वंशाचे शंकर चॅटर्जी यांनीही १९९१ मध्ये टेक्सासमधील 'प्रोटोॲव्हिस' हा आर्किऑप्टेरिक्सच्याही कितीतरी आधीचा पक्षी असल्याचे मांडले होते, पण ती हाडे एकाच प्राण्याची आहेत हे बहुतेकांना पटलेले नाही.

१९९६च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला जीवाश्मतज्ज्ञांची परिषद भरली होती. तिथे चीनच्या चेन पेइ-जी यांनी लिआवनिंग प्रांतात सापडलेल्या एका लहान डायनोसॉरची छायाचित्रे बरोबर आणली होती. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीवर मऊ तंतूंची झालर. ऑस्ट्रम तेव्हा साठी ओलांडलेले होते. छायाचित्र पाहून त्यांना उभे राहणे कठीण झाले असे सांगतात. या प्राण्याचे नाव सायनोसॉरोप्टेरिक्स, आणि तो गणला गेला तो कॉम्प्सोग्नॅथसच्याच कुळात. 'एकाला पिसे आहेत, दुसऱ्याला दिसत नाहीत' यातला 'दिसत नाहीत' हा शब्द किती योग्य होता पाहा.

मग रांगच लागली. १९९८ मध्ये कॉडिप्टेरिक्स, दांडा आणि पाती असलेल्या खऱ्या पिसांचा, पण न उडणारा. २००७ मध्ये व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसे रुतायचे उंचवटे सापडले. १९९३च्या गाजलेल्या चित्रपटातला तो बोडका प्राणी आता मुलांना दाखवताना सांगायला हवे, की याला पिसे होती आणि तो आकाराने पुष्कळ लहान होता. २०१२ मध्ये युटिरॅनस, सुमारे नऊ मीटर लांब आणि पिसांनी आच्छादलेला. २०१० मध्ये तर सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते इथवर मजल गेली, कारण पिसांतले रंगकण दगडात टिकले होते. जीवाश्मांना भाव आला तशी लबाडीही आली. १९९९ मध्ये एका प्रख्यात अमेरिकन मासिकाने गाजावाजा करून छापलेला 'आर्किओरॅप्टर' हा पक्ष्याच्या धडाला डायनोसॉरची शेपटी चिकटवून केलेला निघाला. चीनच्याच शु शिंग यांनी शेपटीचा जोडभाग दुसऱ्या दगडात ओळखला आणि ते उघड केले.

ओव्हिरॅप्टरकडे परत जायचे राहिले. १९२३ मध्ये त्याचा सांगाडा सापडला होता तो अंड्यांच्या घरट्यावर. अंडी दुसऱ्या एका शाकाहारी डायनोसॉरची असावीत असे मानून ऑस्बर्न यांनी त्याला अंडीचोर म्हटले. ओव्हिरॅप्टर या शब्दाचा अर्थच तो. आपण दिलेले हे नाव प्राण्याच्या सवयींबद्दल दिशाभूल करणारे ठरू शकते, असे त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे. १९९३ मध्ये गोबीत तसल्याच अंड्यात पिल्लाचा सांगाडा मिळाला. तो ओव्हिरॅप्टरच्या कुळातलाच होता. पाठोपाठ घरट्यावर पाय दुमडून, हात पसरून बसलेला मोठा प्राणी मिळाला, अगदी खुडूक कोंबडीसारखा. वाळूखाली गाडला गेला तरी उठला नव्हता. चोर म्हणून सत्तर वर्षे बदनाम झालेला तो प्राणी बहुधा स्वतःचीच अंडी राखत होता. नामकरणाच्या नियमांप्रमाणे नाव मात्र बदलता येत नाही.

मग बाईंच्या वर्गातल्या मुलाला सांगायचे काय? पाल नाही, कासव नाही, साप नाही. आज जिवंत असलेल्यांपैकी पक्ष्याची सर्वांत जवळची नातेवाईक मगर; पालीपेक्षा ती कावळ्याला जवळची. आणि पक्षी डायनोसॉरांपासून आले असे म्हणण्यापेक्षा पक्षी हे डायनोसॉरच आहेत असे आता म्हणतात, जसे वटवाघूळ उडत असले तरी सस्तन प्राणीच. सरीसृप आणि पक्षी असे दोन वेगळे वर्ग आपण शिकवतो ते सोयीसाठी. परीक्षेत तसे लिहायला हरकत नाही, पण मुलाने 'मग मगर कोणाकडे?' असे विचारले तर त्याला गप्प बसवू नये. त्याचा प्रश्न बरोबर आहे.

ज्यांच्या घरी कोंबडी शिजते त्यांनी तंगडीचे हाड जपून ठेवावे. मोठ्या हाडाला चिकटून सुईसारखे एक बारीक, टोकदार हाड असते, घोट्यापर्यंत न पोचता मध्येच संपणारे. डायनोसॉरांमध्ये ते पूर्ण लांबीचे होते आणि घोट्याला टेकत असे. कोंबडीच्या भ्रूणातही सुरुवातीला दोन्ही हाडे सारख्याच लांबीची असतात, मग एकाची वाढ थांबते. चिलीतील संशोधकांनी ही वाढ थांबवणारी क्रिया अंड्यातच रोखून पाहिली, आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. त्या भ्रूणांत सुईचे हाड घोट्यापर्यंत वाढले होते. हक्स्लींनी दगडात घालून पाहायला सांगितले होते ते पिल्लू हेच, फक्त दगडात घालायची गरज पडली नाही. ज्यांच्या घरी कोंबडी शिजत नाही त्यांनी शाळेच्या कुंपणावर चालणारा कावळा पाहावा. त्याचा उलटा वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मुलांना आधी हे विचारावे आणि पैज लावावी.